मिडसोमार, पालखी आणि शेपूच्या जुड्या

१४ जून २०२५, शनिवार

आज माझ्या स्वीडिश नवऱ्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काकूंकडून दोन जुड्या शेपू आणला आणि गुरुवारी अजून पाच हव्यात असं सांगूनही आला. काकू म्हणाल्या एवढा शेपू कोण खातं हो तुमच्याकडे, तर हा अगदी मनापासून म्हणाला, "काकू, शुक्रवारी आमचा सण आहे." मराठीत. मी मागे कांदे निवडत होते, ते ऐकून मला इतकं भरून आलं की काही बोललेच नाही. पुण्यात येऊन आता दोन वर्षं होतील आम्हाला, त्याआधी नऊ वर्षं गॉथेनबर्गला होतो, आणि "आमचा सण" हे वाक्य एवढी वर्षं तिकडे मी म्हणायचे.

तर मिडसोमार. स्वीडनमधे ख्रिसमसच्या बरोबरीचा, म्हणजे माझ्या मते त्याच्याहून लाडका सण. १९ ते २५ जूनच्या मधे जो शुक्रवार येतो त्या दिवशी मिडसोमारची पूर्वसंध्या आणि खरा सण त्याच दिवशी, अख्खा देश गावाकडे निघून जातो, शहरात चिटपाखरू नसतं. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करायचा, त्याच्याभोवती लहानथोर सगळ्यांनी फेर धरायचा, बेडकासारख्या उड्या मारत, आजोबा-पणजोबा सुद्धा. आणि जेवायला नवे कोवळे बटाटे शेपू घालून उकडलेले, आंबट क्रीम, मुरवलेला हेरिंग मासा म्हणजे सिल, आणि शेवटी स्ट्रॉबेरी.

आता यातलं पुण्यात जूनमधे काय मिळणार. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, ती कधीच संपली. हेरिंग नाही, मग बांगडा. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजा नाही, फ्रोजन आणला. स्वीडिश लोकांचं मुरवायच्या पाण्याचं माप अगदी पाठ असतं, एक-दोन-तीन, एक भाग आत्तिका म्हणजे त्यांचं व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. पण त्यांची आत्तिका १२ टक्क्यांची असते आणि आपलं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं, मागच्या वर्षी तेच माप घातलं आणि साखरपाण्यातला मासा झाला, कोणी खाल्ला नाही. या वर्षी पाणी जवळजवळ घातलंच नाही, बांगडा आधी पिठात घोळवून तळला, तसाही एक प्रकार त्यांच्याकडे करतातच, मग कांदा, गाजराच्या चकत्या, तेजपत्ता, कबाबचिनी आणि शेपू. मोठी बरणी भरली. फ्रीज उघडला की वास येतोय आणि प्रत्येक वेळी तो दोन सेकंद जास्त उभा राहतो तिथे.

१७ जून, मंगळवार

रविवारी कुठे गेलोच नाही. खरं म्हणजे मावळातच जायचं ठरत होतं, पण पाऊस जोरात म्हणून सकाळी रद्द केलं, आणि दुपारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पडल्याची बातमी आली. आईचे लागोपाठ तीन फोन. संध्याकाळभर घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

एरवी आमचा रविवार म्हणजे उतफ्लिक्त. सहल म्हणावं तर सहल म्हणजे बस आणि वीस माणसं डोळ्यापुढे येतात, हे तसं नाही. थर्मासमधे कॉफी, डब्यात लोण्याचं सँडविच नाहीतर आईने दिलेल्या धपाट्या, पोरांच्या अंगावर रबरी पँटी आणि निघायचं. हवा कशी का असेना. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, ही त्यांच्याकडची म्हण मी नऊ वर्षं ऐकली आणि पहिली दोन वर्षं मला तिचा राग यायचा, उणे आठमधे बाळाला बाबागाडीत घालून बाहेर झोपवतात हे बघून मी रडले होते. आता मीच पोरांना पावसात टेकडीवर घेऊन जाते आणि सोसायटीतल्या बायका म्हणतात सर्दी होईल गं. होते कधीकधी. पण धाकट्याला तेरड्याचं रोप आणि रानहळदीचं पान ओळखता येतं, सहा वर्षांचा आहे तो.

एक गोष्ट लिहायची राहून गेली होती मे महिन्यातली. सिंहगडाच्या मागच्या बाजूला कल्याण गावाकडून चढत होतो तर वाटेत करवंदांच्या जाळ्या नुसत्या लगडलेल्या. पोरं धावली तर नवरा म्हणाला थांबा, जमीन कोणाची आहे विचारू. त्यांच्याकडे अल्लेमान्सरेत्तेन म्हणून हक्क असतो, रानात कोणीही फिरावं, बोरं-मशरूम गोळा करावी, एखादी रात्र तंबू ठोकावा, फक्त कोणाच्या घराजवळ जायचं नाही, शेत तुडवायचं नाही. तसा कायदा इथे नाही हे त्याला माहिती आहे म्हणून तो जरा बिचकूनच असतो. एक आजोबा गुरं घेऊन येत होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "रानमेव्याला कोन इचारतं का, खा की." घरी येताना गाडीत तो हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, उच्चार नीट बसेपर्यंत.

आणि आज आईचा फोन, "अगं शुक्रवारी पालखी आहे लक्षात आहे ना, आणि शनिवारी एकादशी." माझ्या लक्षातच नव्हतं. २० जूनलाच तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्यात जाणार आणि तोच मिडसोमारचा शुक्रवार. आई त्या दिवशी आमच्याकडे येऊन राहणार म्हणजे घरात मासा नाही, हे मला सांगावं लागलं नाही, तोच म्हणाला "ठीक आहे, रविवारी खाऊ, सिल जितका मुरेल तितका चांगला." असं म्हणून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

तो उभा राहण्याचा प्रकार मला ओळखीचा आहे. गॉथेनबर्गमधली माझी पहिली गणेश चतुर्थी, कामाचा दिवस, पाच वाजता घरी येऊन फ्रोजन नारळाचे मोदक वळले, उकड फाटत होती, मोबाईलवर आरती लावली आणि ह्याने हातातलं काम टाकून शेजारी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मी विसरलेले नाही. पण आरती झाल्यावर मी खिडकीशी अशीच जाऊन उभी राहिले होते आणि तेव्हा त्याला वाटलं असेल की सगळं नीट झालं की आता. तो कधी म्हणत नाही मला घरची आठवण येते. सासरे गेल्यापासून सासूबाई ओरुस्ट बेटावरच्या घरात एकट्या असतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हे पण तो बोलत नाही.

२० जून, शुक्रवार, खरं म्हणजे रात्रीचा एक

झोप येत नाहीये म्हणून लिहून काढते.

रस्ते बंद म्हणून मुलांना सुट्टी होती, ह्याने रजा टाकलीच होती. सकाळी गॅलरीत बांबूला आंब्याची पानं आणि झेंडू बांधून छोटा खांब केला, दोन गोल कडी दोन्ही बाजूंनी, बरोबर तसाच. मोठीने सात प्रकारची फुलं गोळा केली. मिडसोमारच्या रात्री सात जातीची फुलं न बोलता गोळा करून उशीखाली ठेवली की ज्याच्याशी लग्न होणार तो स्वप्नात येतो असं म्हणतात, मोठी नऊ वर्षांची, तिला लग्नाचं काही नाही, तिला स्वप्नात फारमुर यायला हवी आहे. फारमुर म्हणजे बाबांची आई. आईच्या आईला मुर्मुर म्हणतात, म्हणून माझी आई आमच्या घरात मुर्मुर आजी. तगर, सदाफुली, जास्वंद, कण्हेर, चाफा, मोगरा, आणि सातवं मिळेना तर खांबाचा झेंडू काढून घेतला.

मग दापोडीला गेलो. मी कासारवाडीत वाढले, जुन्या मुंबई रस्त्याच्या काठाला, पालखी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची आणि आई-बाबा राजगिऱ्याचे लाडू वाटायचे. बाबा दापोडीतल्या एका स्वीडिश कंपनीत होते. त्या पट्ट्यात आल्फा लावल, सँडविक, ऍटलास कॉपको अशा सगळ्याच आल्या, एका कंपनीचा तर पत्ताच स्वेआनगर. लहानपणापासून तो शब्द वाचलेला, मला वाटायचं कोणा शेठच्या मुलीचं नाव असेल. लग्नानंतर ह्याला दाखवलं तर तो रस्त्यातच थांबला, स्वेआ म्हणजे स्वीडनच, त्यांच्या देशाचं नाव स्वेरिये, ते स्वेआंचं राज्य यावरूनच आलंय. आज आम्ही तिथूनच जवळ, सावलीला उभे होतो, आई, मी, मुलं, तीन पिशव्या लाडू.

१६८५ साली तुकोबांच्या मुलाने, नारायण महाराजांनी हा सोहळा सुरू केला, यंदाचा तीनशे चाळिसावा. किती वर्षं बघितला तरी पहिल्या टाळाच्या आवाजाला माझ्या अंगावर काटा येतोच. पाऊस थांबून थांबून येत होता, दिंड्यांमागून दिंड्या, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका, प्लास्टिकचे कागद पांघरलेले म्हातारे, आणि आमचा सहा फूट तीन इंच माणूस हातात लाडू घेऊन "माउली, घ्या" करत होता. एक आजी थांबल्या, पाय दुखत होते बहुतेक, आमच्या शेजारी कठड्यावर टेकल्या. परभणीकडच्या, एकोणिसावी वारी म्हणाल्या. ह्याच्याकडे बघून म्हणाल्या, "माउली, तुमचं गाव कुठलं?"

"स्वीडन."

"लांब हाय?"

"हो. विमानानं जावं लागतं."

"आई-बाप हायत का तिकडं?"

"आई आहे. एकटी आहे."

आजी जरा गप्प झाल्या. मग कमरेची पुडी काढून ह्याच्या कपाळाला बुक्का लावला, त्याला वाकावं लागलं बरंच, आणि म्हणाल्या, "मग चार पावलं आईच्या नावानं चाला."

एवढंच. उठल्या आणि निघाल्या. आणि हा माझ्याकडे बघतोय, काही विचारायचं असल्यासारखा, मग त्याने धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि आजींच्या दिंडीमागून निघाला. मी आईला आणि मोठीला तिथेच थांबवून थोडी मागे गेले, मग मलाच वाटलं नको, जाऊ दे त्याला. हॅरिस पुलावर चढेपर्यंत दिसत होता, त्याचं डोकं सगळ्यांच्या वर आणि त्याच्याही वर पिवळा रेनकोट.

खडकीपर्यंत चालला. तीन तासांनी परत आले दोघं, कसे आले विचारलं तर अर्धं चालत अर्धं रिक्षाने. धाकट्याचा घसा बसलेला विठ्ठल विठ्ठल करून. ह्याचे बूट भिजून चिंब, कपाळावरचा बुक्का नाकापर्यंत ओघळलेला, आणि डोळे लाल. मी विचारलं नाही. आईने गरम पाणी काढून दिलं आणि शेपूचे बटाटे वाढले, आईला शेपू मुगाच्या डाळीतलाच पटतो पण आज तिने दोनदा घेतले.

रात्री साडेअकराला फारमुरला फोन लावला. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे तिच्याकडे आठ, आणि लख्ख ऊन, तिकडे आत्ता दहा वाजून गेल्याशिवाय सूर्य मावळत नाही. ती शेजाऱ्यांकडच्या खांबापासून नुकतीच परत आली होती, केसात फुलांचा मुकुट तसाच. मोठी खास फोनसाठी जागी राहिली होती, तिने खिडकीतून आपला अंधार दाखवला, फारमुरने फोन बाहेर धरून समुद्र दाखवला. मग ह्याने तिला आजींची गोष्ट सांगितली. स्वीडिशमधे आईच्या नावानं चालणं कसं म्हणायचं ते त्याला पटकन सुचेना, दोन-तीनदा अडखळला, शेवटी म्हणाला, मी आज तुझ्यासाठी चाललो, तुझ्या जागी. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, कपाळ दाखव. त्याने आंघोळ करताना तेवढी जागा सोडली होती वाटतं, कारण काळा ठिपका अजून होता. त्या फोन अगदी जवळ घेऊन बघत राहिल्या.

२२ जून, रविवार

आज सिलची बरणी उघडली. जमलाय या वर्षी. आंबट-गोड बरोबर, कबाबचिनीचा वास, कांदा अजून करकरीत. आईने आधी वासच घेतला, मग एक तुकडा, मग म्हणाली थोडी मिरची असती तर, पण ताटातला संपवला.

जेवण झाल्यावर आईने मला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या सासूबाईंना फोन लावून देशील का. नऊ वर्षं मी तिकडे होते, ह्या दोघी तेव्हा लग्नात आणि बारशाला भेटल्या तेवढ्याच, फोनवर नुसतं हसायच्या एकमेकींकडे बघून. आज आईने "या" म्हणजे स्वीडिशमधे काय ते ह्याच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं आणि फोन लागल्यावर सरळ म्हणाली, वेल्कोमेन, आणि पुढचं सगळं मराठीत, थंडीत या, डिसेंबरात, आमच्याकडे ऊन छान असतं तेव्हा, माझ्याकडे राहा. ह्याने भाषांतर करायला तोंड उघडलं तर फारमुर त्याला थांबवून म्हणाल्या, कळलं मला.

संध्याकाळी तो लॅपटॉपवर मुंबईची तिकिटं बघत होता. कोपनहेगनहून की गॉथेनबर्गहून एक थांबा घेऊन, त्यांचा गुडघा, खुर्ची लागेल का, सगळं एका कागदावर लिहीत होता. बरणीत अजून पाच-सहा तुकडे आहेत, उद्याच्या डब्याला.