काळ्या पाकिटातलं गणित

बिलाचं ते काळं पाकीट टेबलावर आलं की गप्पा आपोआप थांबतात. तोवर तावातावाने बोलणारा मित्र एकदम मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागतो, दुसऱ्याला हात धुवायची आठवण होते, आणि ज्याच्यापुढे पाकीट पडलेलं असतं तो 'हे काय, किरकोळ!' असा चेहरा करून आत डोकावतो. बिलाचा आकडा तसा कुणालाच नवा नसतो. मेनूकार्ड सगळ्यांनीच वाचलेलं असतं, तेही बहुतेकांनी उजवीकडच्या रकान्यापासून. खरी पंचाईत असते वर ठेवायच्या पैशांची. ती रक्कम कुठे छापलेली नसते.

"किती ठेवतोयस?" बायको ओठ न हलवता विचारते. मी आकडा सांगतो. त्यावर ती "एवढे?" म्हणेल की "एवढेच?" म्हणेल, हे इतक्या वर्षांत मला एकदाही आधी ओळखता आलेलं नाही.

मी स्वतःला या बाबतीत न्यायाधीश समजत आलो. वेटरने ऑर्डर नीट ऐकली का, पाणी न मागता भरलं का, हाक मारल्यावर छताकडे बघत निघून गेला का, या सगळ्याचे मार्क मी मनात मांडतो आणि त्यानुसार हात सैल सोडतो किंवा आखडता घेतो, अशी माझी पक्की समजूत होती. मग एकदा लहर आली म्हणून मी हे मार्क खरोखरच लिहून ठेवायला लागलो. खिशातली छोटी वही, दोन रकाने. डावीकडे सेवेला दहापैकी मार्क, उजवीकडे टीप बिलाच्या किती टक्के. सात-आठ महिने हा उद्योग नेमाने चालला.

नंतर वही उघडून बसलो आणि ओशाळलो. डावा रकाना तीनपासून नऊपर्यंत उड्या मारत होता. उजवा मात्र वर्गातल्या हुशार मुलासारखा हाताची घडी घालून एकाच जागी बसलेला. जिथे तो जागचा हलला होता, तिथली कारणं मला आठवत होती. एकदा सुटे नव्हते. एकदा साहेब बरोबर होते. एकदा सासरची मंडळी होती. आणि साऱ्या वहीतली सगळ्यात मोठी टीप ज्या दिवशी दिली, त्या दिवशी पगारवाढीचं पत्र हातात पडलं होतं. सेवेला मार्क होते चार.

ही माझ्या एकट्याची खोड असती तर वही फाडून विषय संपवला असता. पण अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकल लिन या प्राध्यापकांनी आयुष्याचा बराच काळ टीप या एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवण्यात घालवला आहे. 2001 साली त्यांनी एक लेख लिहिला. आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून त्यांनी गिऱ्हाइकांनी सेवेला दिलेले मार्क आणि ठेवलेली टीप शेजारी शेजारी मांडली होती. म्हणजे माझीच वही, फक्त हजारो टेबलांची. दोन्हींत संबंध निघाला, नाही असं नाही. पण तो इतका पुसट, की टीपच्या टक्क्यांत जो काही कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला 2 टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या नावावर जमा करता येतो.

मग उरलेला भाग कशाच्या नावावर? इथे संशोधक मंडळींनी जी मजा केली आहे ती वाचण्यासारखी आहे. 1979 च्या एका अभ्यासात ऊन पडलं की टीप वाढते असं आढळलं. 1984 मध्ये सुटे परत देताना वेटरने गिऱ्हाइकाच्या तळहाताला किंवा खांद्याला ओझरता स्पर्श केला तर टीप वाढते असं दिसलं. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये असं निघालं, की वेटरने ऑर्डर शब्दाला शब्द पुन्हा म्हणून दाखवली की लोक जास्त पैसे ठेवतात. आणि 1996 चा माझा लाडका प्रयोग: बिलाच्या पाठीमागे वेटरनं पेनाने एक हसरा चेहरा काढायचा. वाढणारी बाई असेल तर टीप 28 टक्क्यांच्या आसपास होती ती 33 पर्यंत गेली. पुरुष वेटरने तोच चेहरा काढला तर काहीच फायदा झाला नाही. त्या बिचाऱ्यानं घरी जाऊन किती वेळा तो चेहरा काढून बघितला असेल, कुठे चुकतंय म्हणून!

माझी भाची शिकत असताना दीड वर्ष एका हॉटेलात वाढायचं काम करायची. तिला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ती जांभई देत म्हणाली, "मामा, यात नवीन काय? तुम्हाला वाटतं तुम्ही आम्हाला तपासताय. आम्ही तुम्हाला दारातच तपासलेलं असतं."

"ते कसं?"

"चालण्यावरून, बसण्यावरून. खुर्ची स्वतः ओढून घेणारा वेगळा, कुणी ओढून देईल म्हणून उभा राहणारा वेगळा. पहिल्यांदाच भेटणारं जोडपं आलं की आमच्यात भांडणं, ते टेबल कुणाचं म्हणून. दोघंही एकमेकांना दाखवायला बसलेली असतात ना. लहान पोरांचं मोठं कुटुंब आलं की सगळ्यांना अचानक दुसरीकडे काम निघतं. आणि 'वा, काय सर्व्हिस आहे!' असं जो तीनदा म्हणतो ना, तो त्या तीन वेळांतच टीप देऊन मोकळा झालेला असतो."

(ते तीनदा म्हणणारे मामा कोण, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.)

पुढे ती जे बोलली त्याने माझ्या वहीचा पायाच हलला. जे टेबल देईल असं वाटतं, तिथे पाय आपोआप जास्त वळतात. पाणी दोनदा विचारलं जातं, आतल्या माणसाकडे 'आधी माझं दे' म्हणून जरा जास्त वशिला लावला जातो. जे देणार नाही असं वाटतं, तिथे फेऱ्या कमी होतात. तिथलं गिऱ्हाईक मग वैतागतं, कमी ठेवतं, आणि वेटर मित्राला कोपराने ढोसतो, "बघ, म्हटलं नव्हतं?" चांगल्या सेवेमुळे टीप मिळते असं आपण धरून चाललेलो, इथे तर टीपच्या अंदाजामुळे सेवा चांगली होत होती. म्हणजे सेवेच्या नावावर जेमतेम जे 2 टक्के पडले होते, त्यातलंही काही उलट्या दिशेने आलेलं असणार. शिवाय हा अंदाज कपडे, रंग, बोलण्याची ढब यांवरून बांधला जातो. चेहरा बघून पाणी मिळायचं की नाही हे ठरणार असेल तर त्या पद्धतीचं कौतुक मला तरी करवत नाही.

आणि आपण मार्क कापतो ते कशाचे? पदार्थ उशिरा आला. तो वेटर रांधत नाही. खारट झाला. मिठाचा डबा त्याच्या हातात नसतो. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा गोंधळ. तो त्याचा भाऊबंद नव्हे. भाची सांगायची, आतल्या खिडकीपाशी उभं राहून रिकामा ट्रे छातीशी धरायचा आणि मागून सतरा नंबरच्या टेबलाची नजर पाठीत टोचतेय ते सहन करायचं, यात कामाचा निम्मा शीण असे. आत ओरडावं तर आचारी चिडतो आणि पुढची ऑर्डर आणखी मागे जाते. बाहेर जावं तर सतरा नंबर. दोन्हीकडच्या शिव्या खाणाऱ्याच्या खिशातून दोन्हीकडचा दंड वसूल व्हायचा.

उलटंही होतं. वडील शेवटी शेवटी थकले तेव्हाची गोष्ट. त्यांचा उजवा हात थरथरायचा आणि त्यांना ते कुणी बघितलेलं खपायचं नाही. एकदा त्यांना घेऊन बाहेर जेवायला गेलो. पाण्याचा उंच, निमुळता ग्लास समोर आला. त्यांनी तो उचलला, थोडं पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि नंतर पाण्याला हात लावला नाही. वाढणारा मुलगा विशीतला असेल. पुढच्या फेरीला त्याने आमच्या सगळ्यांचे ग्लास उचलले आणि कानाच्या बुटक्या कपांतून पाणी आणून ठेवलं. सगळ्यांना. एकट्या वडिलांना नाही. पुढच्या पदार्थाला सगळ्यांपुढे ताटल्यांऐवजी खोलगट वाडगे आले. वडिलांकडे त्याने एकदाही थांबून बघितलं नाही. ते मात्र जेवण संपेपर्यंत तीन कप पाणी प्यायले.

त्या दिवशी वहीबिही नव्हती, पण असती तर दहापैकी बारा लिहिले असते. पाकीट आलं तेव्हा ते घेऊन आला दुसराच माणूस. आधीच्या मुलाची पाळी संपली होती. मी नेहमीच्या तिप्पट पैसे ठेवले, पाकीट मिटलं, आणि ते गल्ल्याकडे जाताना बघत राहिलो. त्याला मिळाले असतील, किंवा सगळ्यांत वाटले गेले असतील, किंवा ड्रॉवरमध्ये पडून राहिले असतील. त्याने केलं होतं ते टीपच्या आशेने नव्हतंच, हे तर उघड आहे. पाळी संपत आल्याचं त्याला माहीत होतं.

मग ही रक्कम नक्की कशाची? भाषा बघावी तर सगळीकडे ती पेयाच्या आडोशाला उभी. फ्रेंचांचा शब्द 'पिण्यासाठी' अशा अर्थाचा, जर्मनांचाही 'पिण्याचे पैसे'. रशियनांचा शब्द तर चहावरूनच आलाय. आपण काय वेगळं बोलतो? 'चहापाण्याचं बघा.' पण आपल्याकडे या शब्दाला टेबलाखालचा वास येतो, आणि 'चिरीमिरी' म्हटलं की तो आणखी वाढतो. 'बक्षिशी'त देणारा उंच आसनावर जाऊन बसतो. 'खुशाली' हा खरा गोड शब्द, कारण त्यात कबुली आहे: हे माझ्या खुशीचं आहे, तुझ्या कामाचं मोजमाप नव्हे. माझ्या वहीतला उजवा रकाना काही वेगळं सांगत नव्हता. चहापाणी काम होण्याआधी द्यायचं आणि खुशाली काम झाल्यावर, एवढाच फरक. काम झाल्यावर, पुन्हा कधीही पाऊल न ठेवायच्या गावातही माणसं पैसे ठेवून उठतात, याने अर्थतज्ज्ञ बरेच गोंधळतात म्हणे. त्यांना बायकोबरोबर जेवायला पाठवायला हवं.

ही पद्धत मोडायचे प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने 1909 साली टीपविरोधी कायदाच केला. पाठोपाठ आणखी काही राज्यांनी केले. 1926 पर्यंत सगळे कायदे गुंडाळले गेले. न्यूयॉर्कचे हॉटेलवाले डॅनी मायर यांनी 2015 मध्ये टीप बंद करून तो खर्च पदार्थांच्या किमतीतच धरला आणि 2020 मध्ये तेही टीपकडे परतले. तिथल्या केंद्रीय कायद्याने टीप मिळवणाऱ्याला मालकाने द्यायची किमान मजुरी तासाला 2.13 डॉलर आहे, आणि हा आकडा 1991 पासून तसूभर हललेला नाही. बाकीच्यांची किमान मजुरी 7.25. मधली तूट गिऱ्हाइकाच्या खुशीने भरून निघेल हे गृहीत धरलेलं, कमी पडली तर मालकाने भरायची. पगार असा दुसऱ्याच्या मूडवर, उन्हावर आणि पाठीमागे काढलेल्या हसऱ्या चेहऱ्यावर टांगलेला असताना त्याला 'सेवेचा दर्जा' हे भारदस्त नाव देणं जरा धाडसाचंच आहे.

अलीकडे तर पाकीटही जात चाललंय. वेटर हातात मशीन घेऊन उभा राहतो, पडद्यावर तीन आकडे असतात आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत 'टीप नको'. पाकिटात निदान आडोसा होता. आता त्याच्यासमोर बोट उचलायचं. तो सभ्यपणे दुसरीकडे बघतो, मीही दुसरीकडे बघतो, आणि माझं बोट ठरल्यासारखं मधल्या आकड्यावर जातं. सगळ्यांचंच जात असणार. तीन आकडे मांडणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं.

परवा भाचीला घेऊन जेवायला गेलो. वाढणारा मुलगा नवखा होता. एक पदार्थ शेजारच्या टेबलावर ठेवून आला, पाणी दोनदा मागितलं तरी आणायला विसरला. मनातल्या मनात मी चारवर आलो होतो. भाचीने तेवढ्यात रिकाम्या ताटल्या एकावर एक रचून, चमचे वरच्या ताटलीत आडवे ठेवून टेबलाच्या कडेला सरकवल्या होत्या. दीड वर्षाची सवय. पाकीट आलं. मी नेहमीची रक्कम आत सरकवली, तशी तिने ती बाहेर काढली, त्यात स्वतःची एक नोट घातली आणि त्या मुलाला हळूच विचारलं, "यातलं तुला किती मिळतं रे?"

मुलाने गल्ल्याकडे एक नजर टाकली आणि नुसताच हसला.

तिने नोटांची घडी करून त्याच्या हातात दिली. त्याने ती खिशात टाकली, ताटल्यांचा ढीग उचलला आणि लगबगीने आत गेला. आम्ही आणखी दहा मिनिटं बसलो, पण पाणी काही आलं नाही.