डेंटल चेअरच्या नळीतलं पाणी: माझा अनुभव

2016 साली कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये एका क्लिनिकात पल्पोटॉमी (दुधाच्या दाताच्या आतला किडलेला गर काढणं) झालेल्या कितीतरी लहान मुलांना मायकोबॅक्टेरियम अबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला. काहींचे येणारे कायमचे दात गेले, जबड्याचं हाड गेलं. जंतू आले होते खुर्चीच्या पाण्यातून. माझ्याकडेही मुलंच जास्त येतात. हे वाचल्यावर माझ्या दोन्ही खुर्च्यांचं पाणी तपासायचंच ठरवलं.

खरी दमछाक झाली लॅब शोधताना. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, "पिण्याचं पाणी ना?" एका ठिकाणचा रिपोर्ट आला: कोलिफॉर्म (आतड्यातल्या जिवाणूंचा गट) नाहीत, पाणी पिण्यायोग्य. पण कोलिफॉर्म सांडपाण्याची खूण देतात. एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) आणि स्केलरच्या (दात साफ करायच्या यंत्राच्या) नळीत वाढतात ते स्यूडोमोनाससारखे पाण्यातलेच जंतू. त्यासाठी एकूण जिवाणूंची मोजणी लागते, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2003 मध्ये घातलेली मर्यादा आहे मिलिलिटरला 500 सीएफयू, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवाणूंची मोजणी. शेवटी एका मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाने आर2ए अगारवर (पाण्यातले जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) ही मोजणी करून द्यायचं कबूल केलं. सोडियम थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटल्या त्यांनीच दिल्या. थायोसल्फेट पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं; क्लोरीन राहिलं तर ते वाटेतच जंतू मारतं आणि आकडा खोटा येतो. नमुने बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवले.

खुर्चीच्या बाटलीतलं पाणी चांगलं निघालं. थ्री-वे सिरिंजमधून (तोंडात पाणी-हवा मारायच्या नळीतून) आलेलं तेच पाणी 500 च्या कितीतरी पट वर! म्हणजे दोष पाण्यात नव्हता, नळीत होता. आतून दोनेक मिलिमीटरची नळी, कडेचं पाणी जवळजवळ हलत नाही, रात्री आणि रविवारी तर साचूनच राहतं. तिथे बायोफिल्मचा, म्हणजे जंतूंचा चिकट थर धरतो. नुसतं पाणी सोडून तो सुटत नाही, आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं तरी नळीत शिरल्यावर तेही तसंच होतं.

खुर्चीच्या कंपनीला विचारून हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण घेतलं, कारण हायपोक्लोराइटने धातूचे भाग खराब होतात. द्रावण सांगितलेल्या वेळेपर्यंत नळ्यांत ठेवून सोडलं, तेव्हा बेसिनमध्ये करडे पापुद्रे पडले. आमच्या असिस्टंट ताई बघतच राहिल्या. "मॅडम, हे पोरांच्या तोंडात जात होतं?"

एक खुर्ची ताळ्यावर आली. दुसरीचा आकडा काही केल्या उतरेना. टेक्निशियनने मागचं झाकण उघडलं तर जुन्या, बंद केलेल्या हँडपीसची (ड्रिलसारख्या हातात धरायच्या उपकरणाची) नळी तशीच जोडलेली. तिच्यात पाणी साचायचं आणि बाकीच्या लाइनला जंतू पुरवायचं. ती मुळापासून काढली, पुन्हा द्रावण फिरवलं, मग आकडा 500 च्या खाली आला.

आता ताई रोज रात्री बाटली रिकामी करून पालथी घालतात, सकाळी नव्या पाण्यात जंतुनाशक गोळी टाकतात, आणि प्रत्येक पेशंटनंतर सगळ्या लाइनी वीस-तीस सेकंद सोडतात. नमुने ठरावीक काळाने जातातच. दात काढताना हाडाला ड्रिल लावायची वेळ आली तर मात्र ही लाइन वापरतच नाही. तिथे निर्जंतुक सलाइन, वेगळ्या सिरिंजने.