कितोच्या बाजारातला सताप

गालापागोस बेटांवर जायचं आमचं विमान कितोहून पकडायचं होतं, म्हणून इक्वाडोरच्या या राजधानीत दोन दिवस ठेवले होते. न्यू जर्सीहून आम्ही चौघं निघालो, मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि साताऱ्याहून आमच्याकडे आलेली आई. लेकाच्या डोक्यात फक्त ती अवाढव्य कासवं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

कितो २८५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६! हे आकडे मला माहिती होते, तरी टूरवाल्याने पहिल्याच सकाळी केबल कारने जवळजवळ ४००० मीटरवर न्यायचा बेत आखला तेव्हा मी हो म्हटलं, आईला विचारलंसुद्धा नाही. वर ढगच ढग, आईला धाप लागली, डोकं ठणकायला लागलं, आणि तो माणूस सारखं घड्याळ बघून अजून चार ठिकाणं राहिलीत म्हणत होता. मला इतका राग आला की त्याला तिथूनच परत पाठवून दिलं. उरलेला दिवस हॉटेलात झोपून आणि कोकाच्या पानांचा चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आईला बरं वाटत होतं म्हणून जुन्या शहरात हळूहळू फिरलो. १९७८ साली युनेस्कोने पहिल्यांदा जागतिक वारसा यादी केली तेव्हा त्यात हे होतं. बॅसिलिका चर्चच्या भिंतींवर जुन्या चर्चवर असतात तशा राक्षसांच्या तोंडांऐवजी कासवं आणि इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे, कोरलेत, लेक तिथून हलेचना.

मग सान फ्रान्सिस्को चौकाजवळच्या बाजारात शिरलो, भाजी आणि फळं बघायला. एका बाजूला बायका पाल्याच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. आई एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, सतापाचा वास येतोय." सताप म्हणजे उग्र वासाचं औषधी झुडूप, ते इथे कुठून, मला आधी पटलंच नाही. तिने एका जुडीतलं पान चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं, आणि खरंच तो आमच्या साताऱ्याच्या अंगणातल्या कुंडीचा वास होता, माझा लेक तान्हा असताना आईने ज्याचा रस आठवणीने आणला होता तो.

ती बाई हसून म्हणाली, "रुदा." आई म्हणाली, "सताप." दोघी बराच वेळ एवढंच बोलत होत्या. मोडक्या स्पॅनिशमधे विचारल्यावर कळलं की ती लिंपिया करते, म्हणजे असल्या पाल्याची जुडी अंगावरून फिरवून घाबरलेल्या, नजर लागलेल्या माणसाला मोकळं करते. मी आईला म्हटलं, आई, ही दृष्ट काढते गं. त्यावर आई तिच्या स्टुलावर बसलीच. जुडीत खाजकुयलीसारखं झोंबणारं काहीतरी होतं, आईचे हात लाल झाले, पण ती डोळे मिटून शांत बसली होती. बाई पुटपुटत होती, मधेच आईला मामिता, म्हणजे लाडाने आई, म्हणत होती. आदल्या दिवसापासून आईच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. डोकेदुखीपेक्षा परक्या देशात आपलं ओझं होतंय याचीच भीती जास्त होती, आणि ती मी दिलेली होती. मला रडू आलं.

पैसे दिले, पण वेगळी बांधून दिलेली सतापाची काडी तिने फुकट दिली. नंतर तिथेच लोक्रो खाल्लं, बटाट्याचं दाट सूप, त्यात चीज आणि अवाकाडो. आईने दोन वाट्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी एअरपोर्टवर गालापागोसच्या प्रवाशांचं सामान वेगळं तपासतात, बेटांवर बाहेरची झाडं, बिया, काही जाऊ नये म्हणून. आईने रुमालातली काडी स्वतःच काढून तिथल्या पोराच्या हातात दिली आणि त्याला मराठीत सांगितलं, "टाकू नको रे, लहान बाळाला चांगली असते."