आजीच्या फोनवरचा रायगड

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आम्ही घरी आलो होतो. मखर रिकामं झालं की घर जसं एकदम गप्प होतं, तसं झालं होतं. मी स्वयंपाकघरात उरलेले मोदक डब्यात भरत होते आणि माझी लेक येऊन कानाशी लागली. "आई, एक सांगायचंय. पण मामा त्याला ओरडणार नाही असं आधी प्रॉमिस कर."

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असली की मुलुंडला दादाकडे येतो. गणपती ऑगस्टमध्ये आले तर आमच्या वाट्याला येतात, नाहीतर आरती व्हिडिओ कॉलवर. गेल्या वर्षी ते आमच्या वाट्याला आले. लेक तेव्हा अकरा वर्षांची आणि भाचा दहाचा, पाचवीत. दोघं दिवसभर आतल्या खोलीत आजीच्या फोनवर डोकी जुळवून बसायची आणि आम्हा मोठ्यांना तेवढीच उसंत मिळायची.

लेकीने सांगितलं ते असं. भाचा दुपारी एक बांधकामाचा गेम खेळतो. ठोकळ्यांनी घरं, किल्ले, गावं बांधायची, दुसऱ्यांच्या गावात जायचं, त्यांना आपल्यात बोलवायचं. जुलैत तिथे कुणीतरी त्याच्याशी गोड बोलायला लागलं. तुझा किल्ला भारी आहे, तू कितवीत आहेस, राहतोस कुठे? "मुलुंड" म्हटल्यावर "अरे, मी पण मुलुंडचाच." मग गेममधली नाणी फुकट देतो म्हणून फोन नंबर मागितला. भाच्याने आजीचा नंबर दिला. त्यानंतर मेसेज आले, एकदा कॉल आला आणि शेवटी फोटो मागितला, शर्ट काढून. पोराने घाबरून सगळं डिलीट केलं. तीन आठवडे तो हे पोटात ठेवून घरात वावरत होता, आरतीला झांजा वाजवत होता. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

गेमचं नाव मी लिहीत नाही. जिथे मुलं जमतात आणि बोलता येतं, अशा कुठल्याही ठिकाणी हे घडू शकतं.

मी दादाला गच्चीवर नेऊन सांगितलं. त्याचा पहिला शब्द "फोन बंद" हाच होता, आणि मला त्याचं चुकलं असं वाटलं नाही. बापाचा जीव आहे. तो म्हणाला, "आपण वाढलोच ना या गेमशिवाय? गिरगावात काय कमी होतं?"

काहीच कमी नव्हतं. दिवाळीत चाळीच्या आवारात आम्ही सगळी पोरं मिळून किल्ला करायचो. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा व्हायचा. मात्र त्या आवारात एखादा अनोळखी माणूस येऊन पोरांशी बोलायला लागला, की दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, "कोण पाहिजे तुम्हाला?" एवढंच. त्या तीन शब्दांनी आमचं किती राखण केलं, ते मला त्या रात्री दादाशी बोलताना उमगलं. भाचाही किल्लाच करत होता. फक्त त्याच्या आवाराला गॅलरी नव्हती.

आणि नसण्याचं एक कारण आम्हीच होतो. त्याचं खातं दादाने काढून दिलं होतं, आजीच्या ईमेलवरून, आजीचीच जन्मतारीख टाकून. साल १९५२. त्यामुळे गेमच्या लेखी खेळणारी व्यक्ती सत्तरी ओलांडलेली होती. मुलांच्या खात्याला ज्या कड्या आपोआप लागतात, अनोळखी माणसांशी बोलणं बंद, मैत्रीच्या विनंतीला पालकांची परवानगी, त्यांतली एकही लागलेली नव्हती. जन्मतारीख म्हणजे फॉर्म पुढे सरकावा म्हणून भरायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी १३ वर्षांची जी अट दिसते, ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली आहे. १३ च्या आतल्या मुलाची माहिती घेण्याआधी आईवडिलांची संमती घ्या, असं तो सांगतो, आणि २००० पासून तो लागू आहे. आपण खोटी तारीख टाकतो तेव्हा ती संमती विचारायचा प्रसंगच आपल्या हाताने टाळतो.

आता तिकडचं सांगते, कारण माझी लेक माझ्याकडे का आली याचं उत्तर तिकडच्या शाळेत आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात २०१४ पासून पाच ते सात वर्षांच्या मुलांनाही कॉम्प्युटर हा विषय आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवायची, आणि काही खटकलं तर मदत कुठे मागायची हे ओळखायचं. लेक पहिलीत असताना एक कागद घेऊन आली होती. त्यावर तिने स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवला होता आणि प्रत्येक बोटावर, काही झालं तर ज्याला सांगेन अशा एकेका मोठ्या माणसाचं नाव. आई, बाबा, वर्गशिक्षिका, शेजारच्या आजी आणि करंगळीवर 'मुलुंडची आजी'. तेव्हा मी तो कागद कौतुकाने फ्रिजवर लावला. त्याची खरी किंमत गेल्या ऑगस्टमध्ये कळली.

त्याच शाळेत चौथीत त्यांनी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमच्या शैक्षणिक आवृत्तीत रोमन वस्ती बांधली. ही आवृत्ती २०१६ मध्ये आली. लॉगिन शाळेच्या खात्याने, बाईंच्या जगात शिरायचं ते चित्रांच्या संकेताने, आणि मुलं गोंगाट करायला लागली की बाई चॅट बंद करू शकतात. रस्ते आखायचे, पाणी आणायचं, चौक कुठे ठेवायचा यावर भांडायचं. पुस्तकातून तिला रोमन लोक जेवढे कळले नसते तेवढे त्या भांडणांतून कळले. म्हणून "गेम हवाच कशाला" या प्रश्नाला माझ्याकडे खरंखुरं उत्तर आहे.

असली शैक्षणिक जगं नवी नाहीत. अमेरिकेत १९९९ मध्ये व्हायव्हिल नावाचं एक सुरू झालं होतं. २००२ मध्ये तिथे मुद्दाम रोगाची एक साथ सोडली, व्हायपॉक्स. मुलांच्या तिथल्या आकृत्यांच्या तोंडावर लाल पुळ्या यायला लागल्या, बोलता बोलता मध्येच शिंका उमटायच्या. मुलं आपणहून शोधायला लागली की हे पसरतं कसं, कुणामुळे, किती दिवस राहतं. कोविडच्या काळात मला हे वारंवार आठवायचं. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे बोलायला परवाना लागायचा. सुरक्षित कसं बोलावं यावर एक परीक्षा द्यायची, पास झालात तर चॅट सुरू. रस्त्यावर गाडी आणण्याआधी जसं लायसन्स, तसं.

दादाला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. एवढंच म्हटलं की आज फोन काढून घेतलास तर पुढच्या वेळी हा ताईलासुद्धा सांगणार नाही. तीन आठवडे तो गप्प राहिला तो त्या माणसाच्या धाकाने नव्हे, फोन जाईल या भीतीने. हे माझं अनुमान नाही, भाच्याने लेकीला हेच सांगितलं होतं. दादा बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. मग खाली जाऊन त्याने पोराला जवळ घेतलं आणि म्हणाला, "तू सांगितलंस, बरं केलंस. कितीही मोठी चूक झाली तरी सांगितलंस म्हणून मी फोन काढून घेणार नाही." वहिनी रडली. भाचा रडला नाही. त्याने विचारलं, "बाबा, माझा किल्ला बघता?"

रायगड होता. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून आणि एका सहलीच्या आठवणीतून उभा केलेला. महादरवाजा, होळीचा माळ, बाजारपेठ आणि एका कड्यावर निराळ्या रंगाचा बुरूज. तो हिरकणीचा, भाच्याने बाबाला समजावलं. तिथून कुणी उतरूच शकणार नाही असं सगळ्यांना वाटायचं, पण ती बाळासाठी उतरली, म्हणून महाराजांनी तिथे बुरूज बांधला. दादा अर्धा तास तिथून हलला नाही. दीड वर्षं हे घरात बांधलं जात होतं आणि आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. मेसेज डिलीट झाले होते, ही मोठी अडचण. तुमच्याकडे असं कधी झालं तर आधी समोरच्याच्या नावासकट स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक नंतर. आमच्या नशिबाने कॉलचा नंबर यादीत सापडला. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार वेगळ्या विभागात करता येते, नाव न देताही. दादाने नाव देऊन केली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वहिनीने भाच्याला पाठ करायला लावला. मग नवं खातं, खऱ्या जन्मतारखेचं, दादाच्या पालक-खात्याला जोडलेलं. मैत्रीच्या यादीत ताई आणि वर्गातले दोन मित्र, ज्यांच्या आयांना वहिनी ओळखते. जुना रायगड नव्या खात्यात आणता आला नाही. याचं त्याला फार वाईट वाटलं आणि मलाही.

भारताचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यांत दीड वर्षाची मुदत आहे. वयाची ही रेघ इंग्लंड-अमेरिकेतल्या संमतीच्या १३ वर्षांपेक्षा बरीच वर आहे, आणि मला ती आवडली. पण खात्यावर आजीची जन्मतारीख असेल, तर पालकाची संमती मागणारी खिडकी उघडणारच नाही; मग तो कायदा भाच्यापर्यंत पोचणार कसा?

सगळ्यात जास्त धक्का आईला बसला होता. नंबर तिचा, फोन तिचा. दोन दिवस ती फारशी बोलली नाही. मग चष्मा लावून लेकीजवळ बसली आणि म्हणाली, "मला काही कळत नाही म्हणून हे झालं. दाखव मला, ब्लॉक कसं करतात ते." लेकीने दाखवलं. आईने वहीत लिहून घेतलं.

आता दर शनिवारी आमच्याकडे सकाळचे साडेनऊ आणि मुलुंडला दुपारचे तीन वाजले की दोघं नव्याने रायगड बांधतात. फोन हॉलमध्ये, टेबलावर. महादरवाजा झालाय, हिरकणीच्या बुरुजाची जागा अजून ठरायची आहे, त्यावरून दर आठवड्याला जुंपते. आई शेजारच्या खुर्चीत भाजी निवडत असते. परवा लेकीने तिच्या आकृतीचे कपडे बदलले आणि ती दरवाजातून आत आली, तर स्पीकरवरून आईचा आवाज आला, "हा कोण आला रे?"

"आजी, ताईच आहे ती."