स्वतःचा कर्नल, गेस्ट अ‍ॅडिशन्स आणि एक आगंतुक '+'

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका संगणकात (होस्ट) दुसरा आभासी संगणक (गेस्ट) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या लिनक्स गेस्टसाठी मी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः सोर्सवरून कंपाइल केला. बूट झाला, नेटवर्कही चाललं. पण स्क्रीन खिडकीच्या मापाची होईना आणि होस्टशी सामाईक असलेला शेअर्ड फोल्डर गायब. गेस्ट अ‍ॅडिशन्स (या सोयी पुरवणारे गेस्टमधले ड्रायव्हर) पुन्हा टाकायला गेलो, तर म्हणे चालू कर्नलचे हेडर, म्हणजे ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फायली, सापडत नाहीत.

अशा वेळी हात आपोआप हेडरचं पॅकेज शोधायला जातो. घरच्या कर्नलला कुठलं आलंय पॅकेज! खरं तर तिथे पाहिली जाते ती चालू कर्नलच्या मॉड्यूल्स (कर्नलला जोडायचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) फोल्डरातली 'बिल्ड' नावाची लिंक. कर्नल होस्टवर बांधून मॉड्यूल्स तेवढी गेस्टमध्ये आणली होती, त्यामुळे ही लिंक होस्टवरच्या पाथकडे बोट दाखवत बसली होती. बांधलेला अख्खा सोर्स गेस्टमध्ये आणला, लिंक तिकडे वळवली, सोर्सला मॉड्यूल बांधण्याजोगा करणारं 'मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर' चालवलं. मॉड्यूल कंपाइल झालं.

लोड मात्र होईना. टर्मिनलवर नुसतं 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट', ज्यातून काहीच कळत नाही. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, खरी गोष्ट होती: मॉड्यूलचा आणि कर्नलचा असे दोन व्हर्जन मॅजिक (कुठल्या कर्नलसाठी बांधलं ते सांगणारी ओळ) शेजारी शेजारी छापलेले, अक्षर न् अक्षर सारखे, फक्त मॉड्यूलच्या ओळीत व्हर्जनमागे एक '+'. कर्नल बांधला तेव्हा गिटमधला (सोर्समधले बदल नोंदवणारं साधन) सोर्स नेमका टॅगवर, म्हणजे अधिकृत आवृत्तीच्या खुणेवर, होता. नंतर मी त्यावर एक छोटा पॅच कमिट केला, म्हणजे बदल नोंदवला. टॅगच्या पुढे गेलेल्या सोर्सला बिल्ड स्वतःहून '+' चिकटवतं, आणि कर्नलच्या लेखी तो वेगळा कर्नल. जबरदस्तीने लोड करायचा मार्ग आहे, पण कर्नलच्या आतला कोड असा कोंबायला माझं मन धजत नाही. व्हर्जनला शेपूट जोडणारं 'लोकलव्हर्जन' मुद्दाम रिकामं देऊन पुन्हा प्रिपेअर आणि कंपाइल केलं, '+' गेला, मॉड्यूल लोड झालं.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की ही उठाठेव टळली असती. गेस्टचा मुख्य ड्रायव्हर ४.१६ पासून आणि शेअर्ड फोल्डरचा ५.६ पासून कर्नलमध्येच आहे. कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) लहान करायला वापरलेलं 'लोकलमॉडकॉन्फिग' त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स ठेवतं, आणि मी ते होस्टवर चालवलं होतं. तिथे गेस्टचे ड्रायव्हर कुठून असणार? पुढच्या बिल्डला मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे ती यादी बदलायच्या मेनूत, दोन्ही चालू केले.

तरी फोल्डर उघडताना 'परमिशन डिनाइड' आलंच. ते कर्नलचं नव्हतं. युजरला शेअर्ड फोल्डर उघडायची परवानगी असलेल्या 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये टाकून लॉगआउट-लॉगिन केलं.