कोडला हात न लावता बिघडलेली यादी

तक्रारीच्या तिकिटात एवढंच लिहिलं होतं: "स्टॉक रजिस्टरच्या पानावर सगळ्यात वर गेल्या वर्षीच्या नोंदी दिसतायत. कालपर्यंत बरोबर होतं." खाली स्क्रीनशॉट. ताज्या नोंदी जिथे हव्यात तिथे वर्षभर जुन्या आवकीच्या ओळी, आणि त्या संपल्यावर आज, काल, परवा असं सुरळीत चाललेलं.

मी आधी डिप्लॉयमेंटचा इतिहास काढला. त्या आठवड्यात या मॉड्यूलमध्ये एकही कमिट, म्हणजे कोडमधला बदल, नव्हता. "कालपर्यंत चालत होतं आणि कुणी काहीच केलं नाही" हे वाक्य आमच्या धंद्यात रोज कानावर येतं आणि बहुतेक वेळा खोटं असतं. या वेळी ते निम्मं तरी खरं होतं.

कोड पायथनमधला, जुना. लिहिणारा टीम सोडून गेलेला. एका वस्तूच्या सगळ्या नोंदी टेबलमधून आणायच्या, लिस्टमध्ये भरायच्या, लिस्टवर रिव्हर्स मारायचा आणि पानावर टाकायच्या. क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे ओळी कोणत्या क्रमाने हव्यात ते सांगणारा भाग, नाहीच. नोंदी ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने बाहेर येणार, म्हणजे जुनी आधी, नवी शेवटी. उलटं केलं की नवी वर. असा साधा हिशेब. तो वर्षानुवर्षं बरोबर ठरत आला, म्हणून कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

रिव्हर्सला लिस्टमध्ये काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पहिला आणि शेवटचा घटक अदलाबदल, मग दुसरा आणि शेवटून दुसरा, असं करत मध्यावर पोचलं की काम संपलं. तारखा असोत, नावं असोत की कचरा असो, कुणाचीही कुणाशी तुलना होत नाही. सॉर्टचं, म्हणजे क्रम लावण्याचं, सगळं कामच तुलनेवर चालतं. पीटीच्या तासाला "मागे फिर" म्हटलं की शेवटचा मुलगा पुढे येतो, पण उंच-बुटका विचारत कोणी नाही. "उंचीप्रमाणे उभे राहा" म्हटलं की जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागतो. ३, १, २ ही लिस्ट रिव्हर्स केली तर २, १, ३ मिळते. सॉर्ट केली तर १, २, ३ आणि उतरत्या क्रमाने सॉर्ट केली तर ३, २, १. पण सुरुवातीची लिस्ट १, २, ३ असेल तर रिव्हर्स आणि उतरता सॉर्ट दोन्हींचं उत्तर एकच येतं, आणि आमचं पान इतकी वर्षं याच योगायोगावर उभं होतं.

मग योगायोग मोडला कसा? आदल्या रात्री डेटा दुरुस्तीची एक स्क्रिप्ट चालली होती. काही पुरवठादारांची नावं चुकीच्या स्पेलिंगने पडली होती, ती सरळ करायची होती. तारखेला हात नाही, संख्येला नाही, फक्त नावाचा कॉलम. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस होता, आणि तिथे ओळ अपडेट केली की ती जागच्या जागी खोडून लिहिली जात नाही. ओळीची नवी आवृत्ती तयार होते आणि जिथे जागा मिळेल तिथे बसते. त्याच पेजवर (डेटाबेसच्या साठवणुकीच्या तुकड्यात) जागा नसेल तर दुसरीकडे, अगदी टेबलच्या शेपटालाही. क्रम सांगितला नाही, तर डेटाबेस त्याला सोयीच्या वाटेने ओळी आणून देतो. दुरुस्त झालेल्या जुन्या ओळी अशा शेवटी गेल्या आणि आमच्या रिव्हर्सने इमानेइतबारे त्या सगळ्यांच्या डोक्यावर आणून ठेवल्या.

टीममधला नवा मुलगा म्हणाला, एका ओळीचं काम आहे. रिव्हर्स काढून टाकला, तारखेवर सॉर्ट लावला, त्यालाच "रिव्हर्स बरोबर ट्रू" (reverse=True, म्हणजे उतरता क्रम) दिलं. टेस्ट हिरव्या झाल्या, पॅच दुपारी लाइव्ह गेला. तासाभरात गोदामाच्या मॅनेजरांचा फोन. "मॅडम, यादी लागली, पण पाच तारखेचा हिशेब जुळत नाहीये."

त्यांनी दाखवलेल्या ओळी अशा होत्या. चार तारखेअखेर शिल्लक १०. पाच तारखेला आधी आवक ४०, शिल्लक ५०. मग जावक ३५, शिल्लक १५. सहा तारखेला जावक ५, शिल्लक १०. ताजी नोंद वर ठेवायची तर वरून खाली शिल्लक १०, १५, ५० अशी दिसायला हवी. पानावर दिसत होती १०, ५०, १५. खालून वर वाचत जाणाऱ्या माणसाला दिसणार ते असं: १० नग असताना ३५ बाहेर गेले, उरले १५, मग ४० आले आणि झाले ५०, मग ५ गेले आणि राहिले १०. कोणताही स्टोअरकीपर यावर भडकेल, आणि ते भडकलेच होते. आकडे स्वतः बरोबर होते, कारण शिल्लक काढणारा कोड वेगळा होता आणि तो तारीख व नोंद क्रमांक लावूनच बेरीज करायचा. घोळ फक्त ओळींच्या जागेचा.

पायथनचा सॉर्ट स्थिर आहे. ज्या दोन घटकांची किल्ली (ज्यावरून तुलना होते ती किंमत, इथे तारीख) समान, त्यांचा आपसातला मूळ क्रम तो मोडत नाही. "रिव्हर्स बरोबर ट्रू" दिलं तरी हे वचन टिकतं: मोठ्या तारखा वर येतात, पण एकाच तारखेच्या ओळी जशा आल्या तशाच राहतात. आवक आधी आली होती, म्हणून आवक वर. चढत्या क्रमाने सॉर्ट करून मग अख्खी लिस्ट उलटी केली तर एकाच तारखेच्या ओळीही उलटतात, आणि जावक वर येते. किल्ल्या सगळ्या वेगळ्या असतील तर दोन्ही मार्ग एकाच जागी पोचवतात. एक जरी बरोबरी झाली की वाटा फुटतात.

त्या मुलाला हे लगेच पटलं आणि त्याने दुसरा पॅच तयार केला: आधी सॉर्ट, मग रिव्हर्स. (घाईत त्याने आधी रिव्हर्सचा परिणाम थेट व्हेरिएबलमध्ये टाकला आणि हातात नुसतं "नन" (None, म्हणजे काहीच नाही) आलं. पायथनमध्ये लिस्टचा रिव्हर्स आणि लिस्टचा सॉर्ट दोघेही लिस्ट जागेवरच बदलतात, परत काही देत नाहीत. यात अडकला नाही असा पायथनवाला मला अजून भेटायचाय.) पाच तारीख जुळली. मी त्याला म्हटलं, आता गेल्या वर्षीचा एखादा दुरुस्त झालेला दिवस उघड.

तिथे उलटी गंमत होती. पुरवठादाराचं नाव फक्त आवकीच्या ओळीवर असतं. म्हणजे स्क्रिप्टने नेमक्या आवकीच हलवल्या होत्या, आणि त्या जुन्या दिवसांच्या ओळी डेटाबेसमधून येताना जावक आधी, आवक नंतर अशा येत होत्या. नव्या पॅचने तिथे आवक वर आणली, म्हणजे चूक. पहिल्या पॅचने मात्र जावक वर ठेवली असती, म्हणजे बरोबर, तेही निव्वळ नशिबाने. ताजे दिवस एका पॅचने सुधारत होते, जुने दुसऱ्याने, आणि दोन्हींत एकच रोग शिल्लक: ओळी कोणत्या क्रमाने आल्या यावर भरवसा.

उपाय अखेर कंटाळवाणा निघाला. क्वेरीतच ऑर्डर बाय: तारीख उतरती, तारीख सारखी असेल तर नोंद क्रमांक उतरता. नोंद क्रमांक एकमेव असल्यामुळे बरोबरीला जागाच उरली नाही, आणि पायथनकडे सॉर्टही राहिला नाही, रिव्हर्सही नाही.

रिव्ह्यूत एकाने वेगाचा मुद्दा काढला, सॉर्ट महाग पडेल म्हणाला. हिशेब म्हणून त्याचं खरं आहे. १० लाख ओळी रिव्हर्स करायला ५ लाख अदलाबदली लागतात, आणि विस्कटलेल्या तेवढ्याच ओळी सॉर्ट करायला साधारण २ कोटी तुलना. पण चुकीचं उत्तर लवकर देऊन कुणाचं भलं होणार? शिवाय पायथनचा टिमसॉर्ट, जो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिला, लिस्टमध्ये आधीच लागलेले तुकडे शोधतो. पूर्ण लागलेली लिस्ट असेल तर घटकांच्या संख्येपेक्षा एक कमी एवढ्याच तुलनांत तो मोकळा होतो. उतरता तुकडा सापडला तर तो चक्क रिव्हर्सच करतो. मात्र पायथन ३.१३ येईपर्यंत (२०२४) तुकडा काटेकोर उतरता लागायचा, त्यात दोन समान घटक शेजारी चालत नसत, कारण उलटवताना त्यांची अदलाबदल होऊन स्थिरता मोडली असती. आमच्या पाच तारखेची काळजी त्या अल्गोरिदममध्ये आधीच घेतलेली आहे.

टेस्ट हिरव्या का राहिल्या हेही पाहिलं. टेस्टमधल्या नोंदी चढत्या तारखांच्या, प्रत्येक तारखेला एकच. अशा डेटावर रिव्हर्स, उतरता सॉर्ट आणि सॉर्ट करून रिव्हर्स हे तिन्ही एकसारखे वागतात, मग लाल काय होणार? आता तिथे मुद्दाम विस्कटलेल्या नोंदी आहेत आणि दोन दिवसांना प्रत्येकी दोन-दोन ओळी, एका दिवशी आवक आधी, दुसऱ्या दिवशी जावक आधी. तिन्ही जुने प्रकार त्यावर पडतात, आम्ही मुद्दाम पाडून बघितले.

मग कोडबेसमध्ये रिव्हर्स कुठे कुठे आहे ते शोधलं. एक्सपोर्टमध्ये तोच नमुना निघाला, तो त्याच दिवशी बदलला. दुसरी जागा होती वस्तूच्या वर्गवारीची: उपवर्गापासून वर वर जात मूळ वर्गापर्यंतची साखळी गोळा करायची आणि पानावर मूळ वर्गापासून खाली दाखवायची. त्या मुलाने उत्साहाने तिथेही सॉर्ट लावून पॅच पाठवला. वर्गांची नावं अकारविल्हे लागली आणि "बेअरिंग" हा उपवर्ग त्याच्या "यंत्रभाग" या मूळ वर्गाच्या आधी जाऊन बसला. तो पॅच मी परत पाठवला. तिथला रिव्हर्स जसा होता तसाच ठेवला, फक्त वर एक कॉमेंट टाकली: साखळी मुलाकडून बापाकडे जमते, दाखवायची बापाकडून मुलाकडे, सॉर्ट लावू नये.