तुम्ही विचारलंत म्हणून: जागा कुठे आहे ते मी का सांगत नाही

"एवढ्या मोठ्या शहरात राहून शिडाची होडी चालवायला तुला जागा मिळते तरी कुठे?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की प्रश्न अर्धा झाला की पुढचा मला ऐकूच येत नाही. ज्यांना होडीशी काही देणंघेणं नाही त्यांना त्यातून एवढंच म्हणायचं असतं की हा नसता खटाटोप आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तुमच्यापैकी जे नुकतेच शिकलेत, ज्यांच्याकडे होडी आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांना खरोखर पत्ता हवा असतो, आणि त्यांना मी आजवर टोलवत आलेय. "बघू, एकदा जाऊ." "हल्ली तिथे गाळ फार झालाय." "वाऱ्यावर आहे सगळं." मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच एकाने तोंडावर विचारलं, "पाणी काय तुझ्या मालकीचं आहे का?"

ते लागलं. म्हणून हे लिहितेय.

शहरात पाणी कमी नसतं, हे आधी मान्य करते. उपग्रहाचा नकाशा उघडला की कुठे नदीचं वळण, कुठे धरणाचा फुगवटा, कुठे जुन्या खाणीत साठलेलं तळं दिसतं. मीही सुरुवातीला रात्र-रात्र तेच बघत बसायचे. निळं दिसलं की खूण करायची. माझ्या नकाशावर एके काळी अशा एकतीस खुणा होत्या, आणि मी ती यादी लोकांना अभिमानाने दाखवायचे. त्यातल्या आज चार उरल्यात. बाकीच्या सत्तावीस ठिकाणी पाणी अजूनही आहे.

हे फक्त माझं रडगाणं आहे असं वाटत असेल तर ऑलिम्पिककडे बघा. १९६८ साली मेक्सिको सिटीला शिडाच्या शर्यती समुद्रकाठच्या आकापुल्कोला न्याव्या लागल्या, १९७२ ला म्युनिकला देशाच्या दुसऱ्या टोकाला कीलला, १९८० ला मॉस्कोला एस्टोनियातल्या टॅलिनला. पॅरिसने १९०० साली सीन नदीवर म्यूलाँला शर्यती घेतल्या, पण मोठ्या होड्यांसाठी तेव्हाही ल हाव्रचा समुद्रच गाठावा लागला. २०२४ ला त्यांनी नदीचा नाद सोडला आणि सरळ समुद्रावरचं मार्सेय धरलं. अख्खं शहर कामाला लागूनही जे जमत नाही, ते मला रविवारी सकाळी का जमत नाही, असं विचारता तेव्हा माझा थोडा तोल जातो.

याच्या उलट उदाहरणंही आहेत आणि ती कुणी पुढे केली की मला बोलता येत नाही. हॅम्बुर्गच्या मधोमध आल्स्टरचं तळं आहे, नदीला बांध घालून झालेलं, आणि त्यात शिडं फिरत असतात. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीवर कम्युनिटी बोटिंग ही संस्था १९४६ पासून सामान्य लोकांच्या हातात होडी देतेय. मी ही दोन्ही ठिकाणं फोटोंतच पाहिलीत, पण फोटोत मी शिडांकडे कमी आणि काठाकडे जास्त बघते. तरंगता धक्का, पाण्यात उतरत जाणारा उतार, हात पोचेल अशा कडा. तिथे कुणीतरी काठ बांधलाय. आपल्या शहरांमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी आहे आणि काठ नाही. पुढचं सगळं त्याच्याशीच येऊन थांबतं.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे आणि तरी तुम्ही मला हवामानाच्या ॲपचे फोटो पाठवता. तो आकडा मोकळ्या जागेतल्या, जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा असतो. शहरात मोकळी जागा कुठे आहे? एखादी इमारत ६० मीटर उंच असेल तर तिच्या आडोशाला, उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत, म्हणजे ६०० मीटरपर्यंत वारा विस्कटलेला असतो. कधी पडतो, कधी उलटा फिरतो, आणि दोन इमारतींच्या फटीतून येतो तेव्हा धक्का मारल्यासारखा येतो. मी ॲप बघते, पण विश्वास काठावरच्या झाडांवर ठेवते. पानं आणि बारीक डहाळ्या थांबत नसतील तर ती वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट श्रेणीतली ३, ताशी १२ ते १९ किलोमीटर. माझ्या होडीला तेवढं पुरे.

आणखी एक. रहदारी टाळायची म्हणून आपण पहाटे निघतो आणि सहाला पाण्यावर असतो. वारा जागा व्हायला मात्र नऊ-दहा वाजतात. जमीन तापल्याशिवाय खारे वारे सुटत नाहीत, आणि तळ्यावरही पहाटे पाणी आरशासारखं पडलेलं असतं. कितीतरी रविवार मी शीड उभारून चार तास तशीच बसून राहिलेय. शहराचं घड्याळ आणि वाऱ्याचं घड्याळ जुळत नाही, आणि दहाला वारा सुटतो तेव्हा घरी परतायची वेळ झालेली असते.

माझी होडी मिरर जातीची आहे. १९६२ मध्ये हिचा आराखडा झाला तोच मुळी घरी प्लायवूडचे तुकडे तारेने शिवून बांधता यावी म्हणून. लांबी ३.३ मीटर, वजन ४५ किलोच्या आसपास, दोघांनी उचलली की गाडीच्या टपावर जाते. डोलकाठी दोन तुकड्यांची, आणि उतरवली की सगळं सामान होडीच्या पोटात बसतं. पार्किंगच्या एका कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, मी ती बारा वर्षं ठेवलीय. शहरात राहणाऱ्या माणसाला याहून योग्य होडी मला माहीत नाही. त्या दिवशी जे झालं त्यात होडीचा काही दोष नव्हता.

तेव्हा भाचा चौदा वर्षांचा होता. ताईचा मुलगा. वर्षभर माझ्यामागे लागला होता, "मावशी, मला पण." नेहमीचं तळं दुरुस्तीसाठी बंद होतं, आणि मी नकाशावर एक नवी जागा हेरून ठेवली होती. नदीचा एक सरळ पट्टा, सुरुवातीला होड्या उतरवायचा उतार, पुढे एक पूल, त्यापुढे दोन्ही बाजूंना नव्या इमारती. एकदा एकटी जाऊन उतार बघून आले होते. उतार उत्तम होता. ताईला म्हणाले, "मी नीट बघून आलेय."

दुपारी दोनला उतरलो. ओहोटी लागली होती आणि पाणी खाली ओढत होतं, पण वारा मागून चांगला होता, तेव्हा परतताना बघू असं म्हणत मी पुढे जात राहिले. पूल ओलांडला आणि वारा पडला. पडला म्हणजे शीड लुळं होऊन लोंबायला लागलं. आम्ही प्रवाहाबरोबर वाहत होतो. भाचा नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून पाण्यात हात घालून खेळत होता, खूश होता. मला त्याचा फोटो काढायचा होता. मी शिडाची दोरी खुंटीत अडकवली.

हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागलीत. छोट्या होडीत शिडाची दोरी कधी बांधायची नाही, हातातच ठेवायची, हा पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम. मी स्वतः दहा जणांना शिकवलाय. दोन इमारतींच्या फटीसमोर आलो आणि वाऱ्याने बाजूने एकच फटका दिला. दोरी हातात असती तर सोडली असती, शीड मोकळं होऊन फडफडलं असतं आणि आम्ही हसलो असतो. दोरी बांधलेली होती. होडी आडवी झाली.

उलटण्याचं मला काही वाटत नाही, उलटी झालेली होडी सरळ करणं हा शिकण्याचाच भाग आहे. लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगात होतं. पण होडी पूर्ण पालथी झाली आणि डोलकाठीचं टोक तळाच्या चिखलात रुतलं. मी डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून बाहेर येणाऱ्या उभ्या फळीवर, लोंबकळून जोर लावत राहिले, ती हलेना. प्रवाह तिला त्या रुतलेल्या टोकाभोवती फिरवत भिंतीकडे नेत होता. भिंतीजवळ टोक निसटलं आणि आम्ही तिघं, मी, तो आणि होडी, भिंतीला घासत खाली जायला लागलो.

ती भिंत मी रोज बघते. सरळ उभी, काँक्रीटची, दोन पुरुष उंच. पाण्याच्या पातळीशी हिरवं शेवाळ. भाच्याने बोटं रोवायचा प्रयत्न केला, त्याच्या नखांनी त्या शेवाळात पांढऱ्या रेघा उठल्या आणि हात घसरला. परत रेघा, परत घसरला. शिडी नव्हती. साखळी नव्हती. वर कठड्याशी लोक फिरायला आलेले होते, ते वाकून बघत होते. काहींनी फोन काढले. पाणी फार थंड नव्हतं, तरी वीस मिनिटांनी त्याचे दात वाजायला लागले. तो रडला नाही. "मावशी, मी थकलो" असं एकदाच म्हणाला.

शेवटी एक माणूस पळत जाऊन कुठून तरी बुडणाऱ्याला टाकतात ते तरंगतं लाल कडं घेऊन आला. त्याने कडं टाकलं आणि दोरी धरून वरून कठड्याच्या कडेने चालत राहिला, आणि आम्ही खालून, पाण्यातून, त्याच्याबरोबर. पायऱ्या सापडेपर्यंत तो तसाच चालला. किती अंतर असेल? नंतर मोजलं, ३४० मीटर. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

होडी दुसऱ्या दिवशी मिळाली. त्या संध्याकाळी घरी येताना गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मावशी, बाहेर कुठून यायचं ते तुला माहीत होतं ना?"

मी "हो" म्हणाले.

माहीत नव्हतं. मी उतरायची जागा बघितली होती, चढायची बघितली नव्हती. पुलापलीकडे काठाने एकदाही चालले नव्हते. नकाशावर निळं होतं, सुरुवातीला उतार होता, एवढ्यावर मी ताईला "नीट बघून आलेय" म्हणाले होते. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. पोहायला जातो, होडीत परत बसला नाही. ताई माझ्याशी नीट बोलते, पण त्या विषयावर बोलत नाही. ते "हो" मी अजून मागे घेतलेलं नाही.

म्हणून तुम्ही "जागा कुठे" विचारता तेव्हा तोंडातून पत्ता निघत नाही. माझ्या उरलेल्या चार खुणांमधली एक फक्त पश्चिमेचा वारा असेल तरच चालते. एक भरती पूर्ण भरायच्या आधी दोन तास चालते, त्यानंतर पुलाखाली डोलकाठी अडकते. पत्ता मिळाला की तुम्ही तिथे उत्तरेच्या वाऱ्यात, ओहोटीला, तुमच्या मुलीला घेऊन जाल. हा विचार मी करत बसते.

यावर आठ-दहा वर्षांपूर्वीची मी आत्ताच्या मला काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे. ती म्हणेल, तुला कुणी जागा सांगत नव्हतं तेव्हा तू किती चिडायचीस ते आठव. जुने लोक "बघू, एकदा जाऊ" म्हणायचे, तेव्हा हे कोत्या मनाचे आहेत असं तूच म्हणायचीस. त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्या भिंतीबद्दलही कुणीतरी सांगितलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं बरोबर असू शकतं.

आणि कबुली द्यायचीच तर सगळी देते. काळजी हे एकच कारण नाही. पूर्वी एक तळं मी एका गटाला सांगितलं होतं. तिथला राखणदार दोन वर्षांच्या ओळखीनंतर मला फाटक उघडून द्यायचा. मी सांगितल्यावर तिसऱ्या रविवारी अकरा गाड्या आल्या, कुणीतरी मोटारीची बोट आणली, आणि ते पिण्याचं पाणी होतं. चौथ्या रविवारी फाटकाला साखळी होती आणि राखणदार बदलला होता. तेव्हापासून जागा हातची जाईल ही भीतीही आहेच. पत्ता लपवताना दोन्हींपैकी काय जास्त असतं, ते मला खरंच वेगळं काढता येत नाही.

पण "पाणी काय तुझ्या मालकीचं आहे का" याला उत्तर द्यायला हवं. नाही, नाहीच आहे. तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी या, फक्त होडी आणू नका. पहिले दोन रविवार आपण काठाने चालू, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. पायऱ्या कुठे, साखळी कुठे, भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते पावलांनी मोजू. लाल कडं कुठे टांगलंय ते बघून ठेवू. दहाच्या आधी निघायची गरज नाही. चिखलात खराब झाले तरी चालतील असे बूट घाला.